शक्तीच्या गोळ्यांची बाटली

माझ्या आईला औषध चालायचं, औषधावरचं लेबल चालायचं नाही.

शाळेत असताना मला फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी गोळी लावून दिली आणि ती नीट घेतली की मी चारचौघींसारखी. पण आमच्या पेडण्यात फार्मसीच्या काउंटरवर बोललेलं तुमच्याआधी घरी पोचतं. म्हणून आई माझी गोळी आणायला पणजीची बस धरायची. तिथली फार्मसीवाली पांढऱ्या पाकिटावर सगळं व्यवस्थित लिहून द्यायची: माझं नाव, गोळीचं नाव, सकाळी एक, रात्री एक, चुकवू नये. घरात पाऊल पडताच आई ते पाकीट चुलीत घालायची. मग पट्टीतल्या गोळ्या एकेक सोलून शक्तीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरायची. बाटलीवर दंड फुगवलेला एक पैलवान होता. कुणी विचारलंच, तर ‘पोर अशक्त आहे’ म्हणायचं. अशक्त मुलगी लग्नाला चालते, फिटवाली चालत नाही.

मला याचा संताप यायचा. साखरेच्या दुखण्याची गोळी लोक भर पंगतीत खिशातून काढतात, कितीची आहे तेही शेजाऱ्याला सांगतात. माझ्याच गोळीने कुणाचं काय घोडं मारलं होतं? आईला विचारलं की एकच उत्तर, "तू गप रव. तुका कळना ना."

मला लाटंबार्सेला दिली. नवरा ट्रक चालवतो. सासरे आधीच गेलेले, त्यामुळे घराचा आणि डोंगरावरच्या काजूंचा सगळा कारभार सासूच्या हातात. नवऱ्याला मी साखरपुड्याआधीच खरं काय ते सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला काही नाही, पण आईला आत्ता नको." माणूस चांगला आहे, पण त्याचं ‘आत्ता नको’ कधी संपत नाही. पैलवान माझ्याबरोबर सासरी आला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर बसला.

सासू कडक. आमच्या काजूंची बोंडं भट्टीवर जायची, हुर्राक गाळला जायचा, आजूबाजूच्या घरांचा सगळा वाडा तो लिंबू पिळून प्यायचा. सासूने त्याचा थेंब कधी ओठाला लावला नव्हता आणि हे ती ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगायची. दारू पिणाऱ्याला ती बेबदो म्हणायची, तेही त्याच्या तोंडावर.

लग्नानंतरच्या पहिल्याच काजूच्या हंगामात वाकून वाकून तिची कंबर धरली. सून रोज शक्तीची गोळी खाते, मग आपणही खावी, असं तिने ठरवलं. मला विचारलं नाही. स्वतःच्या घरातल्या फळीवरची वस्तू घ्यायला सुनेला कशाला विचारायचं? दुपारच्या जेवणावर ती एक गोळी खाऊ लागली आणि काही दिवसांत झोकांड्याही खाऊ लागली. डोंगर उतरताना दोन्ही हात पसरून चाले. जीभ जड झाली. एकदा मला म्हणाली, "गो, माका एका झाडाची दोन झाडां दिसतत."

काजूचा हंगाम आणि माणूस झोकांड्या खातंय, आमच्याकडे याला डॉक्टर लागत नाही. म्हातारी हुर्राक प्यायला लागली, असं वाड्याने ठरवून टाकलं. लोकांना आनंदच झाला असणार, इतकी वर्षं तिचं ऐकून घेतलं होतं. शेजारच्या लग्नात पहिली ओवी नेहमी तिची. त्या वर्षी बायका म्हणाल्या, "तू बस गो, आराम कर." एकीने तर पाणी द्यायच्या निमित्ताने वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. घरी येऊन ती ओसरीवर बसली आणि रडली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "जल्मात थेंब घेवंक ना," ती म्हणाली, "नि माका बेबदी म्हणतत."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी भांडी आवरत होते. सासूने फळीवरची बाटली काढली, तळहातावर गोळी ओतली. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"मांय, ही कित्याक खातात?"

"कंबरेक शक्ती येवची म्हणान. तू खाता ती चलता, मिया खाल्ली तर काय?"

मी गोळी काढून घेतली, बाटली घेतली, परसात गेले आणि आईला फोन लावला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बाटली लपय. चार दिवसांनी तिची घेरी जातली. कोणाक काय कळाचां ना."

तिचं खरं होतं. कुणाला काही कळलं नसतं. सासू वाड्यासाठी जन्मभराची बेबदी ठरली असती आणि माझा संसार सुखाने चालला असता. आईने हे माझ्या प्रेमापोटीच सांगितलं, पण ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गोळी माझी आणि बदनामी तिची?" मी म्हटलं. "जमाचां ना." आणि फोन ठेवला. नवऱ्याला लावला, तर तो म्हणाला, "मी आल्यावर बोलू." मी त्याची वाट बघितली नाही.

आत गेले, सासूसमोर बसले आणि सांगितलं. फिट, गोळी, बाटली, आई, सगळं. मध्ये कुठे थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

तिने बाटली उचलून पैलवानाकडे बघितलं. "म्हणजे तुझ्या आवशीन माका फसयलां."

"होय, फसवलं," मी म्हटलं. "मी आता फसवणार नाही."

संध्याकाळी नवऱ्याने तिला डॉक्टरकडे नेलं. गोळी बंद झाली की चक्कर जाईल, असं ते म्हणाले आणि खरंच गेली. सासू सरळ चालू लागली, पण माझ्याशी बोलेना. मी वाढायची, ती मान खाली घालून जेवायची. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. रागही येत होता. आजार काय मी बाजारातून आणला होता?

मग एका सकाळी ती म्हणाली, "साडी नेस. ती बाटली घे. डिचोलेक जावया."

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. डिचोलीच्या स्टँडवर ती मला माहेरच्या वाटेला लावणार, अशी माझी खात्री होती. मी मनात वाक्य जुळवत होते: जाईन, पण रडत जाणार नाही. स्टँड आला. ती उतरली आणि बसेसकडे न बघता बाजारातल्या फार्मसीत शिरली. समोर रांग होती, ती रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिने पैलवान काउंटरवर आपटला. "ह्यातल्यो गोळ्यो कसल्यो, तां भायर लिवन दी."

फार्मसीवाल्या बाईंनी माझ्या पर्समध्ये कायम असायची ती डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली, बाटली बाजूला सारली. "या टाकून द्या. नवीन पट्ट्या देते, पट्टीतून काढू नका." पांढऱ्या पाकिटावर त्यांनी माझं नाव लिहिलं, गोळीचं लिहिलं, सकाळ, रात्र लिहिलं. मग पेन थांबलं. रांगेकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "कशासाठी, ते लिहू की राहू दे? बऱ्याच जणी नको म्हणतात."

मी सासूकडे बघितलं.

"माका कित्याक बघतय? दुखणां तुझां, तोंड तुझां," ती म्हणाली. "माका तां पाकीट वाड्यार दाखवचां आसा. माझां नाव धुवन निगतलां. पण मगे तुझां घराघरांत जातलां. बघ."

"म्हणजे मला माहेरी धाडणार नाही?"

"धाडूची असती तर तिकीट एकटेचां काढलां असतां."

मी बाईंकडे वळले. "लिहा," मी म्हटलं, दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "फिट येऊ नये म्हणून. ठळक अक्षरात लिहा."

माझ्या मागचा माणूस दोन पावलं मागे सरकला.

"दादा, फिट चिकटत नाही," मी त्याला म्हटलं. "पुढे या, नाहीतर तुमचा नंबर जाईल."