समोरच्या दारावरची इरकल

"टाकायचं न्हाय हं वैनी, इकडं द्यायचं!" असं म्हणत ती माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरून बघायची. साडी अंगावर असायची, कधी तर नवीकोरी असायची. पण ती कधी विरेल याचा अंदाज घेऊन बाई मोकळी. अशी एखादी तुमच्याही गल्लीत असेलच.

धाराशिवात आमच्या समोरच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहायला आली. नवरा एसटीत मेकॅनिक. शिंप्याकडून पिशवी भरून चिंध्या आणायची, आणि बघता बघता त्यांचं तोरण व्हायचं, उशीचे अभ्रे व्हायचे. आमच्या सोफ्याची खोळ बदलली तरी ज्याला पत्ता लागत नाही तो माझा नवरा तिच्या तोरणापुढं चहा निवेपर्यंत उभा राहिला. माझ्या पोटात जळजळ झाली. मी सकाळच्या मिरच्यांना दोष दिला.

पण खरा घाव घातला तो सासूबाईंनी. त्यांच्या जुन्या इरकल साडीच्या काठावर माझा कित्येक वर्षं डोळा. मागितली की म्हणायच्या, "असू दे गं, नेसायची हाय अजून." आणि एक दिवस आपणहून ती समोर देऊन आल्या! तिनं विरलेला भाग काढला, तिथं चिंध्या जोडल्या आणि दाराला पडदा लावला. मग सासूबाई रोज संध्याकाळी स्वतःचीच साडी बघायला समोर जाऊन बसू लागल्या.

मीही पडदा करायचं ठरवलं. घरात चिंधी औषधाला नव्हती. सगळ्या तिनंच नेलेल्या. शेवटी ओटीत आलेले आणि दुसऱ्या कुणाच्या ओटीत जायची वाट बघत पडलेले ब्लाऊजपीस काढले आणि कात्री चालवली.

"अगं, धड कापडाच्या चिंध्या करतीस व्हय?" सासूबाई ओरडल्या, आणि ही बातमी घेऊन थेट समोर गेल्या.

ती आली. वाटलं, आता हसणार. तिनं माझ्या वाकड्या शिवणीवरून बोट फिरवलं. "लई धीट हात हाय वैनी तुमचा. आईनं आमाला कोऱ्या कापडाला कात्री लावूच दिली न्हाय. मला अजून जमत न्हाय."

म्हणजे तिला माझा हेवा वाटत होता! त्या आनंदात मी तिला दोनदा चहा पाजला. सासूबाई मात्र संध्याकाळी पुन्हा समोरच.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याची भूमला बदली झाली. टेम्पो भरला. निघताना तिनं घडी केलेला पडदा पुढं धरला. "मावशी, तुमची इरकल तुमाला." मी हात पुढं केलाच होता.

"ने गं तिकडं," सासूबाई म्हणाल्या. "नव्या घराचं दार उघडं बरं दिसंल व्हय?"

टेम्पो वळून दिसेनासा झाला तरी त्या हात हलवत होत्या. माझ्यासाठी त्यांनी असा हात कधी हलवला नाही. मी त्यांना सोडून कधी कुठं गेलेच नाही म्हणा.