वयनींची कटकट

बोट बंदराला लागायला अर्धा दिवस उरला होता, आणि बागेच्या मालकीणबाई, आमच्या वयनी, म्हणाल्या, "धोंडू, भरलेल्या चाळीसच्या चाळीस करंड्या सोडा, आंबा न् आंबा परत बघायचाय."

मी मुकादम. हाताखाली आठ गडी. इंग्रजी अमदानीतली गोष्ट. रत्नागिरीचा आंबा तेव्हा बोटीने मुंबईला जायचा. बोट चुकली की माल इथेच पिकणार. शाळा मी दुसरीत सोडली, पण आंबा मला कोणी शिकवू नये.

"का म्हणून?" मी विचारलं.

त्यांनी वरचा आंबा उचलला. "ह्याचं देठ कुठाय?"

आंबा उतरवताना बोटाच्या पेराएवढं देठ ठेवायचं असतं. ते मुळातून तुटलं की चीक सालीवर ओघळतो. पुसला की दिसत नाही, पण दोन दिवसांनी तिथे काळा डाग उठतो. आदल्या दिवशी आम्ही घाईत खुडले होते आणि पुसून भरले होते.

"असतील चार-दोन तसले."

"मग तेवढे शोधा."

मागून गणू गडी पुटपुटला, "बाईमाणसाच्या हाताखाली हेच व्हायचं. दिवसभर कटकट."

मालक तात्या अर्धांगाने अंथरुणाला खिळले तेव्हापासून आम्ही सगळेच असं बोलत होतो. आधल्या साली तात्यांनी दोनदा करंड्या सोडायला लावल्या होत्या. तेव्हा हाच गणू म्हणाला होता, मालक असावा तर असा, डोळ्यात तेल घालून बघणारा.

मी तडक तात्यांच्या खोलीत गेलो. "तात्या, वयनींना आवरा. नायतर मी गडी घेऊन चाललो."

तात्यांचं तोंड वाकडं झालेलं, पण बोलणं कळायचं. "अरे धोंड्या, मला आंब्यातलं कधी काय कळलंय? ती आत सांगायची, मी बाहेर येऊन ओरडायचो."

"मग त्यांनीच का नाय सांगितलं?"

"ऐकलं असतंत?"

मी मागे वळलो. वयनी दारात येऊन उभ्या होत्या. "निघताय की सोडताय?"

सोडल्या. एकतीस करंड्या परत भरून बोटीवर चढल्या. नऊ करंड्यांचा माल मागे राहिला आणि तिसऱ्या दिवशी सालीवर काळा पडला. तो पिकल्यावर वयनींनी त्याचाच रस काढून आम्हा नऊ जणांना जेवायला बसवलं. गणूने चार वाट्या मागून घेतल्या.

पुढे अकरा हंगाम मी त्यांच्याच हाताखाली काढले, आणि बरे गेले. हुकूम तोच होता. तात्या ओरडले की आम्ही त्याला शिस्त म्हणायचो, वयनींनी हळू सांगितलं की कटकट. मला हे एका दिवसात कळलं. गड्यांना दोन हंगाम लागले.