तेरजवळच्या गावाला मार्क द्यायला गेले तेव्हा

हवामान बदलाशी जुळवून घ्यायची एखाद्या गावाची ताकद दोन दिवसांत मोजता येते, असं पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेचं ठाम मत होतं. मला काम हवं होतं आणि धाराशिव पाहायचं होतं, म्हणून भर मे महिन्यात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघाले.

पुण्याहून धाराशिवला एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट. तिथून तेरला लोकल गाडी. तेरचं विटांचं जुनं मंदिर सकाळीच पाहून घ्या, नंतर फरशी पाय भाजते. संस्थेचे प्रमुख, आमचे सर, एसी गाडीतून आले. मंदिराला त्यांच्याकडे वेळ नव्हता, भाकरी आणि शेंगाच्या चटणीला तासभर होता.

तेरच्या पुढच्या गावात त्यांनी आधी एका बागायतदाराचं शेततळं गाठलं. प्लास्टिक अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं. पाणी पाच बोअरचं. ठिबक आहे, विमा आहे, मोबाईलवर हवामानाचा अंदाज येतो. सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि तळ्यापुढे स्वतःचा फोटो काढून घेतला.

बांधापलीकडे सुमनमावशींचं दोन एकर. विहीर कोरडी. पावसाचा भरवसा उरला नाही म्हणून त्यांनी सोयाबीन सोडून तूर-ज्वारी मिसळून पेरायला सुरुवात केली होती. बियाणं घरचं, राखेत ठेवलेलं. चारा पुरेल एवढ्याच शेळ्या ठेवल्या होत्या. यातल्या कशालाच माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता. सिंचन शून्य, विमा शून्य, ॲप शून्य.

"आमाला किती मार्क पडले?" त्यांनी विचारलं. मी ओशाळून सांगितलं. शेजाऱ्याचेही सांगितले.

त्यांनी तळ्याकडं बोट केलं. "पाणी त्यानं वडलं, हीर आमची आटली, आन मार्कबी त्यालाच?"

मी ते समासात जसंच्या तसं लिहिलं. सर म्हणाले, समासातलं संगणकात जात नाही.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला अधिकाऱ्यांपुढे सादरीकरण. हॉल गारेगार, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, मधल्या सुट्टीत गुलाबजाम (ते मात्र चुकवू नका). पडद्यावर आमचं गाव हिरव्या रंगात झळकलं. त्या बागायतदारासारख्या दोन-चार घरांनी सरासरी वर ओढली होती. सक्षम गाव, म्हणून विहिरी खोल करायच्या यादीतून बाद. मी उठून समासातलं वाक्य वाचलं. कुणी मान वर केली नाही. "ही एक तक्रार झाली, माहिती नव्हे," सर म्हणाले. टाळ्या त्यांना पडल्या.

घरी येऊन राजीनामा लिहिला, पण त्यानं मावशींच्या विहिरीला पाणी येणार नव्हतं. म्हणून हिरव्या रंगाचं सगळं गणित त्यांना फोनवर उलगडून सांगितलं.  मध्येच एकदा त्यांनी, यादीची प्रत मिळंल का, एवढंच विचारलं. मी पाठवली.

महिन्याभरानं त्यांचाच फोन आला. बायकांनी घरोघर फिरून आटलेल्या विहिरी लिहून काढल्या होत्या, कोणत्या बोअरनंतर आटल्या त्यासकट. ग्रामसभेत कागद ठेवला, बागायतदाराचा सहावा बोअर अडवला. विहिरी अजून कोरड्याच आहेत आणि गाव यादीत घ्या म्हणून केलेल्या अर्जाचं उत्तर आलेलं नाही.

मी म्हटलं, मावशी, हे आमचं काम होतं.

"व्हय, पर तुमाला रकाना न्हवता," त्या म्हणाल्या.