खोडलेला रकाना

आजोबांनी बत्तीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं. चिठ्ठी नसलेला डबा त्यांनी कधी फळीवर चढू दिला नाही, आणि चुकीच्या चिठ्ठीचा डबा सापडला, की त्या दिवशी कुणी त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहत नसे. निवृत्तीनंतर हा कडकपणा घरी आला. आजींनी तो आठवडाभर सोसला आणि मग त्यांना स्वयंपाकघराची बंदी केली.

नातीच्या बाबतीत मात्र हाच माणूस चिठ्ठी म्हटलं की बिथरायचा. नातीला घरी-दारी सगळे मुंगी म्हणत. ती सहा वर्षांची असताना डॉक्टरांनी कागदावर ‘स्वमग्नता (ऑटिझम)’ असं लिहून दिलं. शाळेच्या अर्जात नववा रकाना होता : विशेष गरज. मुंगीच्या आईनं, म्हणजे आजोबांच्या मुलीनं, तो नीट भरला आणि अर्ज पोचवायला त्यांच्याकडे दिला. आजोबांनी वाटेतल्या बाकावर बसून रकाना तांबड्या शाईनं खोडला, वर ‘लागू नाही’ लिहिलं आणि हाताच्या सवयीनं शेजारी सही ठोकली, तारखेसकट. शाळेचा कारकूनही त्याच मुशीतला. खोडाखोडीवर सही आहे म्हणजे काम रीतसर, असं मानून त्यानं अर्ज फाइलला लावला. मुंगीची आई चौकशीला गेली, की ‘फाइल पूर्ण आहे’ असं उत्तर मिळे, आणि ते खरंच होतं. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी शाळेत एक विशेष शिक्षिका आल्या. त्यांनी घरी निरोप धाडला. मुंगीच्या आईची इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून आजोबा गेले.

“शुक्रवारपर्यंत अर्जातला हा खोडलेला रकाना भरला नाही, तर मुंगीला या वर्गात ठेवणार नाहीत,” बाई म्हणाल्या. “वर्गशिक्षिकेनं तसं लिहून दिलंय.”

“माझ्या नातीवर शिक्का नको, बाई.”

“शिक्के बसलेत की, आजोबा. ऐका.” त्यांनी शेऱ्यांची वही उघडली. “हट्टी. आगाऊ. विचारलं तर बोलत नाही. न विचारता मध्येच बोलते. घरच्यांनी लाडावलेली.”

शेवटचा शेरा आजोबांना झोंबला, पण अडकले ते मधल्या दोन शेऱ्यांपाशी.

“हे दोन्ही एकाच दिवसाचे?”

“एकाच. सात आठे किती विचारलं, तर गप्प. पुढे कविता चालू असताना म्हणाली, छप्पन्न.”

“म्हणजे उत्तर दिलंय की हिनं!”

“दिलंय. आपण थांबलो नाही. ऑटिझम असलेल्या काही मुलांना उत्तरापर्यंत पोचायला वेळ लागतो.”

आजोबांनी वही स्वतःकडे ओढली. एकच माल दोन फळ्यांवर, दोन्ही चिठ्ठ्या चुकीच्या, आणि बरोबर होती ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच काढून टाकलेली. सहीनिशी.

संध्याकाळी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं.

“बाबा, दोन वर्षं मी त्या बिचाऱ्या कारकुनाला शिव्या घातल्या.”

“आता मला घाल.”

“तुम्हाला काय घालणार, कप्पाळ! उद्या चला माझ्याबरोबर. आणि तो तांबडा पेन इकडे द्या आधी.”

रकाना भरला गेला. आजोबांनी बाईंना विचारून खाली बारीक अक्षरात वापराची सूचनाही जोडली : प्रश्न एकदाच विचारावा, मग थांबावं.

पंधरा दिवसांनी ते मुंगीला आणायला जरा लवकरच गेले. वर्गाचं दार उघडं होतं. वर्गशिक्षिकेनं विचारलं, “मुंगी, नऊ सत्ते?” आणि हात वर करून वर्ग गप्प केला. चाळीस पोरं थांबली. कुणीतरी शिंकलं.

“त्रेसष्ट,” मुंगी खिडकीला उद्देशून म्हणाली.

“बरोबर,” म्हणत वर्गशिक्षिका पुढच्या मुलाकडे वळल्या, जणू त्यात विशेष काहीच नव्हतं.

आजोबा तडक जिना उतरून विशेष शिक्षिकेच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“बाई, फार उपकार झाले.”

“अहो, उपकार कसले! बसा ना.”

“नको, रडू येईल,” ते म्हणाले, आणि बसले.