सुमिएचा मराठी आवाज

सुमिए ओनागावा ही जपानी सिनेमातली नटी. विसाव्या वर्षी पडद्यावर आली आणि पुढची पन्नास वर्षं गाजली. आणि मराठीत तिचा आवाज कुणाचा? आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या उज्वलाचा! कारखान्यात पहिल्या पाळीला पॅकिंग करायचं, तीनला सुटलं की कॉलेज रोडच्या डबिंग स्टुडिओत माइकसमोर उभं राहायचं, असं सहा वर्षं चाललंय. नवखी पोरगी, ठसकेबाज नायिका, मग आई, असे सुमिएचे अकरा सिनेमे तिने केले. जपानीचं अक्षर येत नाही, पण सुमिए कुठे श्वास घेते, कुठे आवंढा गिळते, ते हिला झोपेतही सांगता येईल.

बारावा सिनेमा सुमिएचा शेवटचा. गाव धरणात चाललंय, तरी घर न सोडणारी म्हातारी. स्टुडिओवाल्या शेखरने पुण्याच्या एका नाटकवाल्या बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं.

"ताई, रोल भारदस्त आहे. आज तुमची टेस्ट घेऊ."

उज्वलाने कागद हातात घेतला. सुमिएचं म्हातारपण दुसरीच्या घशातून? छे! काही झालं तरी नाही.

कागदावरचं वाक्य ती नीट बोलली, "हे घर माझं आहे."

"ठीक आहे," शेखर म्हणाला. ठीक म्हणजे गेलंच की हो!

"थांब. परत लाव," उज्वला म्हणाली. तीनदा बघितलं. "ही आज वेगळं बोलतेय. तोंड ऐसपैस उघडतेय, शेवटचा शब्द ओढतेय. शहरी बोलणं सोडून बाई गावच्या बोलीत गेलीय."

"तुम्हाला जपानी कधीपासून यायला लागलं?"

"जपानी नाही येत. सुमिए येते."

शेखरने अनुवादकाला फोन लावला. तो म्हणाला, हो, डोंगरातली बोली आहे, मीच सरळ करून टाकली.

उज्वला मूळची नामपूरची. लग्न होऊन नाशकात आली तेव्हा नणंदा तिच्या गावच्या अहिराणी बोलीला फिदीफिदी हसल्या, आणि त्या दिवसापासून तिने ती तोंडातच कोंडली. तीस वर्षं! आता ती माइकला भिडली.

"हाई घर मनं शे."

शेखरने हेडफोन काढले. म्हणाला, "पुण्याला नको म्हणून कळवतो. पुढचा सीन लावू?"

"पुढचा कशाला? पहिल्यापासून लाव. आणि त्या अनुवादकाला सांग, म्हातारीचं बोलणं मी लिहिणार."