तिकीट खिडकीवर कोण होतं?

ट्रॅव्हल ऑफिसात बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. माणूस परदेश फिरून येतो, बॅगा घरी टाकतो आणि पहिली तक्रार घेऊन आमच्याच काउंटरवर येतो! बहरीनमधल्या बाब अल बहरीन वेशीच्या मागच्या गल्लीत, सोन्याच्या दुकानावर आमचं ऑफिस. मी तिकिटं काढते, कांबळे व्हिसाचे फॉर्म भरतात आणि सावंतकाका कॅनडा विकतात. कॅनडा आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. "म्हणून तर काकांना तो इतका छान विकता येतो," असं कांबळे म्हणायचे.

आमचे बरेचसे किस्से सावंतकाकांचेच. सुरुवातीला ते हसण्यासारखे होते, एवढं आधीच सांगते.

*

एकदा इथेच जुफेरला राहणारे एक पुणेकर गृहस्थ तणतणत आले.

"धबधबा उत्तम. बेटांमधली बोटीची चक्कर उत्तम. पण नंतर पाच तास गाडी हाकायला लावून त्या आडगावात कशाला पाठवलंत आम्हाला? कुठल्याशा गायिकेचं जन्मगाव म्हणे, तिचं म्युझियम म्हणे! आत काय? तर तिचे बूट! सात-आठ जोड!"

सावंतकाकांनी शांतपणे विचारलं, "तिकीट खिडकीवर कोण होतं?"

"होती एक मुलगी. आपल्याकडचीच वाटली."

"बरी होती ना? जेवलेली वाटत होती?"

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

ती मुलगी म्हणजे अश्विनी, काकांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, बापाने एकट्याने वाढवली. इथेच ईसा टाउनला शाळा झाली, मग कॅनडातल्या त्या छोट्या गावच्या कॉलेजात गेली आणि म्युझियमच्या खिडकीवर पार्टटाइम तिकिटं द्यायला लागली. काका दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या लिव्हाक जातलंय." आणि दर वर्षी ती लिव्ह कुडाळच्या घराची कौलं चाळण्यात जायची. स्वतः जाणं होईना, म्हणून ते गिऱ्हाइकांना पाठवायचे. आमच्या कॅनडाच्या पॅकेजात एक वेळ धबधबा नसेल, पण म्युझियम असायचंच!

*

नुसती माणसं पाठवून काकांचं भागेना. एका बहरीनी आजोबांच्या बॅगेत त्यांनी दोन किलो कुळथाचं पीठ दिलं. तिकडच्या विमानतळावर पिशवी उघडली गेली. तपकिरी पीठ, वर लेबल नाही, बरोबर बिल नाही! अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय आहे?

आजोबा बिचारे खरं तेच बोलले, की ठाऊक नाही, "मफी मालूम! म्युझियम का है!"

अधिकाऱ्यांनी ते पीठ आळीपाळीने हुंगलं म्हणे. शेवटी दिलं सोडून. आजोबांनी ते इमानाने खिडकीपर्यंत पोचवलंही. संध्याकाळी अश्विनीचा फोन आला, स्पीकरवर आम्ही सगळे ऐकत होतो.

"बाबा, प्लीज स्टॉप सेंडिंग पीपल!"

"पीठ गावलां मां?"

"यस, बाबा."

"मग झालां तर!"

*

तक्रारी वाढल्या, तसे आमचे मॅनेजर जोसेफसर चिडले. म्हणाले, "सावंत, ये म्युझियम निकालो."

काका म्हणाले, "सर, वर्ल्ड फेमस सिंगर है!"

"अच्छा? एक गाना सुनाओ उसका."

काकांना त्या बाईचं एक गाणं माहीत असेल तर शपथ! पण माणूस डबलबारीच्या भजनातला. डोळे मिटून त्यांनी गावचा गजर असा काही लावला, की खालच्या सोनाराने काय झालं ते बघायला माणूस वर पाठवला. जोसेफसर हसून हसून खुर्चीत बसले. म्युझियम राहिलं.

*

खिडकीशी एक फोटो काढून पाठवायचा, हा काकांचा प्रत्येक गिऱ्हाइकाला आग्रह असे. एका जुलैत असाच एक फोटो आला. अश्विनीने लोकरीची टोपी घातली होती.

"कॅनडात थंडी असते गो," काका मला म्हणाले.

"काका, जुलै आहे."

काका दिवसभर तो फोटो मोठा करून बघत राहिले. पुढच्या फोटोत तिला भुवया नव्हत्या.

काकांनी तिथल्या तिथे फोन लावला. ती इंग्रजीतच बोलली, हळूहळू. रक्ताचा कॅन्सर. उपचार चालू होते, डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नव्हते. "आय वॉज गोइंग टु टेल यू, बाबा." काका फक्त "हो बाळा, हो बाळा" म्हणत होते. मला रडू आवरेना, मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

*

आता काकांनाच जायला हवं होतं. कांबळे म्हणाले, "फॉर्म मी भरतो. मुलगी आजारी आहे, सरळ लिहू. हॉस्पिटलचं पत्र जोडू."

काका ऐकेनात. वीस वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगत आले होते, की तिकडे नातेवाईक दाखवला की माणूस परत येणार नाही असं धरतात, फाइल गेलीच समजा, टुरिस्ट म्हणूनच जावं! त्यांनी स्वतःच फॉर्म भरला. प्रवासाचं कारण: धबधबा, बेटं, म्युझियम. कॅनडात जवळचं कुणी आहे का? नाही.

पत्र आलं ते कांबळेंनी वाचून दाखवलं. माहिती लपवली, म्हणून व्हिसा नाही. पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही.

कांबळेंचा आवाज चढला. "अहो, तिच्या स्टुडंट व्हिसाच्या फाइलमध्ये बाप म्हणून तुमचंच नाव आहे ना!"

काका म्हणाले, "लोकांका मी ह्याच शिकयलंय रे."

मला त्यांचा राग आला होता. अजूनही येतो. असा राग आला की मी त्यांच्यासाठी चहा करायला जाते.

*

त्याच ऑक्टोबरात अश्विनी गेली.

तिकडची सकाळ म्हणजे आमचे संध्याकाळचे पाच. जोसेफसरांनी दाराला क्लोज्डची पाटी लावली. अश्विनीची रूममेट स्नेहल, नाशिकची पोर, शववाहिनीच्या मागच्या गाडीतून व्हिडिओ कॉल करत होती. काकांसमोर फोन कांबळेंनी धरला होता.

रस्ता दिसत होता, दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं. काका पुटपुटले, "आता डावीकडे तळं येईल." तळं आलं. "आता चर्च." चर्च आलं. तो रस्ता त्यांनी किती जणांना समजावून सांगितला होता!

पुढे गाडीचा वेग कमी झाला. स्नेहल रडत होती.

"काका, अश्विनीचं म्युझियम आलं. दोन मिनिटं थांबवायला सांगू का गाडी?"

काकांनी मान वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"नको गो," ते म्हणाले. "आज सोमार. बंद आसता तां."