नटावरची लाल रेघ

ताईचा फोन आला तेव्हा मी बडा गणपतीजवळच्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होतो. "जानापावच्या डोंगरउतारावर जीप खड्ड्यात गेली रे... हे गेले," एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय आधी बंद पडलं, गाडी नंतर रस्ता सोडून उतरली. माझा विश्वास बसला नाही. सुदामा नगरातल्या त्यांच्या गल्लीतही कुणाचा बसलेला दिसला नाही. शेजारचे वर्माजी तर दहाव्यालाच माझ्या कानाशी म्हणाले, "भिया, गाड़ी घर पे ही ऊंची की थी ना... कुछ ढीला रह गया होगा." माझ्याही मनात तेच होतं. त्या गाडीचा एक नट मी आवळला होता.

अरुण भाऊजी भंवरकुआंला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगावर संशय घ्यायचे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. भाऊजी न पोळताच फुंकायचे. घराला कुलूप लावून गेटपर्यंत गेले की परत येऊन ते ओढून बघायचे. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची पुडी दुकानातच उघडून वास घ्यायचे, दुकानदाराचं तोंड कसंही होवो. ताई त्यांना शंकासुर म्हणायची. मला वाटतं, त्यांना ते नाव आवडायचं.

जुनी जीप चार बोटं उंच करायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा गॅरेजचा प्रश्नच नव्हता. "मेकॅनिकने बोलायचं, टाइट केलंय, आणि मी मानायचं? अपने से नहीं होगा भिया," म्हणाले. लिफ्ट किट मागवलं, त्यातला ठोकळा न् ठोकळा पट्टीने मोजला. पोर्चमध्ये जीप जॅकवर चढवून खाली लोखंडी स्टँड लावले आणि ते हलतात का म्हणून गाडी स्वतःच गदागदा हलवून बघितली. मग स्प्रिंगचे पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे बसवून लांब यू-बोल्टांनी सगळं आवळायला घेतलं. माझं काम बॅटरी धरण्याचं. प्रत्येक नट आवळून झाला की ताईच्या लाल नेलपॉलिशने नट आणि खालची पट्टी मिळून एक रेघ ओढायचे. नट जरासा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसणार.

पुढच्या डाव्या चाकापाशी असताना त्यांना कुणा पालकाचा फोन आला. "हा तेवढा तू आवळ," म्हणत पाना माझ्या हातात देऊन ते बाहेर गेले. परत आल्यावर ते पाना लावून बघणार म्हणून मी सरकलो. त्यांनी लावला नाही. माझ्याकडे बघितलं, रेघ ओढली आणि म्हणाले, "बढिया." शंकासुराने आपल्यावर विश्वास ठेवला, या आनंदात मी घरी गेलो. ते गेल्यावर त्याच आनंदाची मला भीती वाटू लागली...

काही आठवड्यांनी जीप परत पोर्चमध्ये आली. ताई आत असताना मी बॅटरी घेऊन खाली शिरलो. चिखल पुसत एकेक रेघ बघितली. सगळ्या सरळ. पुढच्या डाव्या नटावर आलो, तर रेघ तुटलेली. बॅटरी आणखी जवळ नेली. तेव्हा शेजारी दुसरी रेघ दिसली, अखंड. माझ्या वेळच्या रेघेचा नटावरचा तुकडा आवळायच्या दिशेने सरकला होता. नंतर कुणीतरी पाना लावून नट आणखी थोडा फिरवला होता आणि नवी रेघ ओढली होती.

मी ताईला विचारलं. "त्या दिवशी तू घरी गेल्यावर परत शिरले होते ना खाली," ती म्हणाली. "मला म्हणाले, उसको मत बोलना, त्याला उगाच वाईट वाटेल."

वाईट वाटलं नाही. तिथेच पोर्चच्या पायरीवर बसून मी रडलो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता, याच्याइतकं सुख मला बऱ्याच दिवसांत कशाने झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईला आमच्याकडे न्यायचं ठरलं. नेलपॉलिशची बाटली पोर्चच्या खिडकीतच होती, ती आम्ही हलवली नाही. ताईने कुलूप लावलं. आम्ही गेटपर्यंत आलो. मग मी तिला थांब म्हणालो आणि परत जाऊन कुलूप ओढून बघितलं.